किरण पेशंटवर नकोत, पेशींवर हवेत

दुसऱ्या प्राण्याच्या पेशी माणसात रुजवायच्या, तर शरीराचा विरोध कुठेतरी मोडून काढावाच लागतो. तो पेशंटच्या शरीरात मोडायचा की रुजवायच्या पेशींमध्ये, हा प्रश्न वरकरणी प्रयोगशाळेतला वाटतो. पण पेशंटने किती धोका पत्करायचा हे त्याच्या उत्तरावर ठरतं, आणि पेशंट म्हणजे टाइप १ मधुमेह झालेली दहा-बारा वर्षांची मुलगी असेल, तर हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा होतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. किरण असोत, औषधं असोत की जनुकबदल, त्यांचा मारा रुजवायच्या पेशींवर व्हावा. मुलीच्या अंगावर तो घेण्याचं समर्थन मधुमेहाच्या बाबतीत तरी करता येत नाही.

टाइप १ मध्ये शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मारून टाकते. या पेशी स्वादुपिंडात विखुरलेल्या बारीक पुंजक्यांत असतात. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये शिकणाऱ्या पॉल लँगरहॅन्सने ते पुंजके प्रथम नोंदवले, म्हणून त्यांना लँगरहॅन्सची बेटं म्हणतात. सगळी बेटं मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के भरतात. पण ती गेली की रोज चार-पाच सुया, बोटाला टोचून साखर बघणं, ताटातल्या भाकरीचा हिशोब आणि रात्री झोपेत साखर उतरेल ही आईबापांची धास्ती, हे सगळं जन्मभर मागे लागतं. इन्सुलिनमुळे मूल जगतं, आजार मात्र जात नाही. शरीर क्षणाक्षणाला जे मोजमाप आपोआप करत होतं, ते आता माणसाला हाताने करावं लागतं, आणि माणूस चुकतो.

म्हणून बेटंच बदलून द्यावीत ही कल्पना इन्सुलिनच्या शोधापेक्षाही जुनी आहे. १८९३ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे डॉ. वॉटसन-विल्यम्स यांनी मधुमेहाने मरणाच्या दारात असलेल्या १५ वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली नुकत्याच कापलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे ठेवले. तीन दिवसांनी मुलगा गेला. टोरांटोत इन्सुलिन हाती आलं ते १९२२ मध्ये. म्हणजे या आजारावर प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला तोच परक्या प्राण्याच्या पेशींचा.

माणसाची बेटं माणसाला देता येतात हे २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शॅपिरो यांच्या गटाने दाखवलं. सात पेशंट, सातही जणांची इन्सुलिनची सुई सुटली. बातमी जगभर गेली. मात्र पाच वर्षांनी तिथल्या पेशंटची नोंद पाहिली तेव्हा सुईशिवाय राहिलेले सुमारे दहा टक्केच होते. शिवाय प्रत्येकाला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू ठेवावी लागली, आणि त्यातलं टॅक्रोलिमस हे औषध मूत्रपिंडाला आणि खुद्द बीटा पेशींनाही त्रास देतं. पुढच्या काळात निकाल सुधारले हे खरं. पण एका पेशंटला पुरेशी बेटं मिळवायला अनेकदा दोन-दोन मृत दात्यांची स्वादुपिंडं लागतात, आणि भारतात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक मृत दाताही मिळत नाही. त्याच भारतात विशीच्या आतल्या टाइप १ पेशंटची संख्या, आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार, सव्वादोन लाखांच्या वर आहे. माणसाच्या बेटांवर ही गरज कधीच भागणार नाही. म्हणून डुकराकडे वळावं लागतं. डुकराचं इन्सुलिन आपल्या इन्सुलिनपेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळं आहे, आणि माणसासारखं इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेता येईपर्यंत असंख्य मधुमेही गाय-डुकराच्या इन्सुलिनवरच जगले. डुकराचं इन्सुलिन चालतं, मग इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी का चालू नयेत? कारण इन्सुलिनच्या त्या एका फरकाकडे शरीर बहुधा काणाडोळा करतं, अख्ख्या परक्या पेशीकडे ते करत नाही.

किरण या गोष्टीत आले ते आधी पेशंटवर. बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी १९५४ मध्ये एकसारख्या जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंड रोपण केलं. तिथे नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. बाकीच्यांसाठी त्यांच्या गटाने संपूर्ण शरीरावर क्ष-किरण सोडून प्रतिकारशक्ती खाली आणायची पद्धत वापरली. १९५९ मध्ये एका तरुणाला त्याच्या जुळ्या, पण एकसारख्या नसलेल्या भावाचं मूत्रपिंड अशा रीतीने बसवलं आणि तो अनेक वर्षं जगला. पण त्या पद्धतीने उपचार केलेल्या बारा जणांपैकी टिकला तो हा एकटाच. बाकीच्यांची हाडांतली रक्तनिर्मिती थांबली, जंतुसंसर्गाने ते गेले. मरे यांना पुढे नोबेल मिळालं ते योग्यच होतं, आणि त्या बारा जणांना मूत्रपिंडाशिवाय मरणच दिसत होतं हेही खरं. पण त्या अकरा मृत्यूंचा धडा असा की प्रतिकारशक्ती सरसकट झोपवली की परका अवयव आणि साधा जंतू यांच्यात शरीर फरक करू शकत नाही. १९६० च्या दशकात प्रतिकारशक्ती दाबणारं अ‍ॅझाथायोप्रीन हे औषध आलं आणि सर्वांगावरचे किरण मागे पडले.

यानंतरचा विचार मला फार मोलाचा वाटतो. परका ऊतक नाकारला जातो तो नेमका कशामुळे? १९५७ मध्ये जॉर्ज स्नेल यांनी असं सुचवलं होतं की रोपासोबत (रुजवलेल्या ऊतकासोबत) आलेल्या दात्याच्या पांढऱ्या पेशी, म्हणजे फुकटच्या प्रवासी, यजमानाच्या (ज्याच्या शरीरात रोप जातं त्याच्या) सैन्याला चिथावतात. बेटांच्या आत थोड्या संख्येने डेंड्रायटिक पेशी असतात. त्या स्वतः इन्सुलिन बनवत नाहीत, पण यजमानाच्या टी-पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ‘इथे परकं कोणी आहे’ हे ओरडून सांगण्यात त्या सगळ्यांत पटाईत. मग त्याच तेवढ्या काढून टाकल्या तर? सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॉल लेसी आणि जोसेफ डेव्ही यांनी रॅटची (मोठ्या उंदराची) बेटं २४ अंश सेल्सिअसला सात दिवस ठेवली. त्या तापमानाला प्रवासी पेशी मरतात, बीटा पेशी तग धरतात. यजमान उंदराला लसीकापेशींविरुद्धच्या (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशींविरुद्धच्या) सीरमचं तुटपुंजं कवच देऊन १९८० मध्ये त्यांनी रॅटची बेटं माऊसमध्ये (लहान उंदरात), म्हणजे एका प्रजातीतून दुसरीत, बराच काळ टिकवून दाखवली.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मार्क हार्डी, कीथ रीम्ट्स्मा आणि सहकाऱ्यांनी हेच काम किरणांनी केलं. बेटं काचेच्या बशीत ठेवायची, त्यांवर मोजून अतिनील किरण सोडायचे आणि मग मधुमेही उंदरात रुजवायची. किरणांनी डेंड्रायटिक पेशी पांगळ्या झाल्या, टी-पेशींना चेतवण्याची त्यांची क्षमता गेली; बीटा पेशी मात्र साखर पाहून इन्सुलिन सोडत राहिल्या. या यादीतल्या रीम्ट्स्मांच्या नावापाशी मी नेहमी थांबतो. १९६३-६४ मध्ये न्यू ऑर्लिन्सला चिंपांझीची मूत्रपिंडं माणसांना बसवणारे ते हेच. त्यांची एक पेशंट, पेशाने शिक्षिका, चिंपांझीच्या मूत्रपिंडावर नऊ महिने जगली. पेशंटची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून परक्या प्राण्याचा अवयव टिकवणं म्हणजे काय, हे या माणसाने जवळून पाहिलं होतं. तोच वीस वर्षांनी बशीतल्या पेशींवर किरण सोडत होता. त्यांच्या मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण या प्रवासाची दिशा मला योग्य वाटते.

मग ही पद्धत दवाखान्यात का आली नाही? याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं, कारण ‘स्वस्त उपाय दाबून टाकला’ असल्या गोष्टी आपल्याकडे फार पटकन पसरतात. कारणं विज्ञानातलीच आहेत. किरणांची मात्रा कमी पडली तर चिथावणाऱ्या पेशी उरतात, जास्त झाली तर बीटा पेशीच मरतात, आणि या दोहोंमधली जागा अरुंद आहे. प्रयोगातल्या उंदरांना मधुमेह झाला होता तो स्ट्रेप्टोझोटोसिन या रसायनाने. त्यांच्या शरीरात बीटा पेशींविरुद्ध आधीपासून वैर नव्हतं. टाइप १ च्या पेशंटमध्ये ते असतं आणि नव्या बेटांवरही ते चालून येतं. सगळ्यांत मोठी अडचण डुकराची. रॅट आणि माऊस नात्याने जवळचे. डुकराच्या पेशींवर मात्र अल्फा-गॅल नावाची एक साखर असते, ती माणसात नसते, आणि तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं आपल्या रक्तात आधीच तयार असतात. शिवाय यकृताच्या शिरेत बेटं सोडली की रक्ताशी पहिल्या स्पर्शातच गाठी धरण्याची आणि दाहाची प्रक्रिया सुरू होते, आणि बेटांचा मोठा हिस्सा पहिल्या तासांतच नष्ट होतो. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. यजमानाच्या स्वतःच्या पेशीही परक्या प्रथिनांचे तुकडे उचलून टी-पेशींपुढे ठेवतात, तो मार्ग वेगळाच. रोपातले प्रवासी काढून टाकणं हा या सगळ्यातल्या एकाच वाटेचा बंदोबस्त होता. अतिनील किरण एकटे डुकराची बेटं माणसात टिकवू शकणार नाहीत, आणि कोणी तसा दावा केला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पद्धत अपुरी ठरली, तिच्यामागचं तत्त्व मात्र पुढे चालत राहिलं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड बेटांवर दीड-दोनशे वर्षं एकाकी राहिलेल्या, म्हणून तुलनेने रोगमुक्त असलेल्या डुकरांची बेटं शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटच्या गोळीत बंद करून पेशंटला दिली गेली. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध शून्य. इन्सुलिन पूर्ण सुटलं नाही, पण बचावाचा सगळा भार रोपाच्या आवरणावर होता. अल्फा-गॅलचं जनुक काढलेली डुकरं २००२-०३ च्या सुमारास जन्मली. २०१७ मध्ये डुकराच्या जनुकांत दडलेले रेट्रोव्हायरस नावाचे सगळे विषाणू निकामी केलेली पिल्लं जन्माला आली. आणि २०२५ मध्ये एक निकाल प्रसिद्ध झाला: उप्सालामध्ये एका टाइप १ पेशंटच्या हाताच्या स्नायूत मृत दात्याच्या अशा बेटपेशी घातल्या गेल्या, ज्यांच्यावरच्या ओळखीच्या खुणा जनुकबदलाने पुसल्या होत्या. एकही दाबणारं औषध न देता त्या पेशी जिवंत राहिल्या आणि इन्सुलिन बनवू लागल्या. पेशींची मात्रा मुद्दाम थोडी होती, पेशंट एकच होता, तेव्हा हुरळून जाऊ नये. तरी १९८४ ची बशी आणि २०२५ चा तो हात एकाच विचाराने जोडलेले आहेत: बदल करायचा तर रोपात.

त्याच वर्षी दुसरीही एक मोठी बातमी आली. मूलपेशींपासून प्रयोगशाळेत तयार केलेली बेटं पूर्ण मात्रेत बारा पेशंटना दिली आणि वर्षभरानंतर दहा जणांची सुई सुटलेली होती. हे यश खरोखर मोठं आहे. पण त्या सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू होती, आणि त्या चाचणीत झालेल्या दोन मृत्यूंपैकी एक क्रिप्टोकॉकस बुरशीच्या मेंदूज्वराने झाला. हा आजार दुबळ्या प्रतिकारशक्तीचाच गैरफायदा घेतो. ज्यांना साखर उतरल्याची जाणीवच होत नाही, जे त्यामुळे वारंवार बेशुद्ध पडतात, त्या प्रौढांनी हा सौदा समजून-उमजून स्वीकारला तर त्यांना अडवणारे आपण कोण? पण इन्सुलिनवर शाळेत जाणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या मुलीसाठी हा सौदा मला मान्य नाही.

इथे एक गंभीर आक्षेप आहे. पेशंटवर किरण सोडण्याचं तंत्र १९५९ वरच थांबलं नाही. स्टॅनफर्डमध्ये सॅम्युअल स्ट्रोबर यांच्या गटाने फक्त लसीकाग्रंथींवर थोडथोडे किरण देऊन, सोबत मूत्रपिंड-दात्याच्याच रक्तपेशी देऊन, काही पेशंटना औषधांशिवाय नवं मूत्रपिंड सांभाळता येईल इथवर आणलं. हे तंत्र पिकलं तर काही दिवसांचे किरण घेऊन जन्मभराची औषधं टळतील, मग विरोध कशाला, असं विचारता येईल. मूत्रपिंडाच्या पेशंटसाठी माझा विरोध नाहीच; त्याला औषधं तशीही घ्यावीच लागणार, त्याच्यापुढे पर्याय डायलिसिसचा. पण मधुमेही मुलीला नवी बेटं मिळाली नाहीत तर ती मरत नाही. तिच्या वाढत्या शरीराच्या छातीवर-पोटावर किरण सोडायचे, पुढच्या पन्नास वर्षांतला कर्करोगाचा आणि वंध्यत्वाचा धोका तिच्या नावावर लिहायचा, आणि तेही दाता नि यजमान माणूसच असताना जे यश मिळालं ते डुकराच्या बाबतीत मिळेल या आशेवर, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप ‘किरण’ या शब्दाच्या भीतीतून येतो. तो खोडून काढायला महाराष्ट्रासारखी जागा नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आवारात आयसोमेड हा प्रकल्प १९७४ पासून शस्त्रक्रियेच्या वस्तू गॅमा किरणांनी निर्जंतुक करतं. टाटा मेमोरियलच्या ऊतक पेढीत १९८८ पासून दान केलेलं हाड आणि गर्भवेष्टन किरण देऊन पेशंटना बसवलं जातं. लासलगावला कांद्यावर आणि आंब्यावर किरण सोडले जातात. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांना रक्त देताना पिशवीवर आधी गॅमा किरण सोडतात, म्हणजे दात्याच्या लसीकापेशी पेशंटच्या शरीरावर उलटत नाहीत. रक्ताला द्यायची किरणांची मात्रा साधारण २५ ग्रे (ग्रे हे या मात्रेचं एकक), हाड निर्जंतुक करायची २५ किलोग्रे, हजारपट फरक. पिशवीतल्या रक्ताला किरण देणं म्हणजे कोलंबियातल्या बशीचाच भाऊ: त्रास देऊ शकणाऱ्या पेशी निकामी करायच्या, हव्या त्या कामाला ठेवायच्या, पेशंटला हात लावायचा नाही. त्यासाठीची यंत्रं नवी मुंबईच्या ब्रिट या सरकारी संस्थेने देशातच बनवली. किरणित पेशी शरीरात गेल्याने माणूस किरणोत्सर्गी होत नाही हे आपल्या रक्तपेढ्यांना ठाऊक आहे. ते शाळेच्या पुस्तकातही यायला हवं.

डुकराच्या पेशींबाबत लोकांना जी धास्ती वाटते, त्यातला धर्माचा भाग मला सोडवण्याजोगा वाटतो. जीव वाचवण्यासाठी डुकराच्या झडपा हृदयात बसवलेली माणसं सगळ्या धर्मांत आहेत, आणि निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. विषाणूंचा भाग जास्त अवघड आहे. १९९७ मध्ये लंडनमध्ये रॉबिन वाइस यांच्या गटाने दाखवलं की डुकराच्या जनुकांतला रेट्रोव्हायरस प्रयोगशाळेत माणसाच्या पेशींना लागण करू शकतो. दोन वर्षांनी, डुकराच्या ऊतकाशी संपर्क आलेल्या १६० पेशंटच्या तपासणीत लागण झाल्याचा पुरावा मिळाला नाही. पण २०२२ मध्ये मेरीलँडला डुकराचं हृदय बसवलेल्या पेशंटमध्ये डुकराचा सायटोमेगॅलोव्हायरस सापडला, आधीच्या चाचण्यांना चुकवून. म्हणूनच अशा पेशंटना जन्मभर तपासणी, रक्ताचे नमुने दशकानुदशकं साठवणं, रक्तदानावर बंदी, जवळच्या माणसांचीही नोंद, अशा अटी मान्य कराव्या लागतात. वैद्यकीय प्रयोगातून केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क हा संशोधनाच्या नीतीचा पाया आहे. इथे तो हक्क खऱ्या अर्थाने उरत नाही, कारण विषाणू निघाला तर तो एकट्या पेशंटचा राहत नाही. आईबाप मुलीच्या वतीने ऑपरेशनला संमती देऊ शकतात. तिने जन्मभर देखरेखीखाली राहावं, तिच्या भावी जोडीदाराचीही नोंद ठेवावी, याची संमती तिच्या वतीने कोण देणार? प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात असा विषाणू शिरला तर त्याला मोकळं रान मिळतं, म्हणूनही भार रोपावर टाकणं इथे दुहेरी गरजेचं आहे.

आपल्या देशाला या विषयाची पहिली ओळख फार वाईट रीतीने झाली. १९९७ च्या जानेवारीत गुवाहाटीजवळच्या सोनापूरला डॉ. धनीराम बरुआ यांनी एका तरुणाला डुकराचं हृदय आणि फुप्फुसं बसवली. तो सात दिवसांत गेला, डॉक्टरांना १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली, ते चाळीस दिवस तुरुंगात राहिले. त्यानंतर हा विषय म्हणजे एक विक्षिप्त किस्सा होऊन बसला. गंभीर चर्चा झालीच नाही. उलट काम करणारी माणसं आपल्याकडे होती: पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्या प्रयोगशाळेने स्वादुपिंडाच्या बेटांवर वर्षानुवर्षं संशोधन केलं, विद्यार्थी घडवले.

‘आधी इन्सुलिन तरी सगळ्यांना द्या’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. फ्रीज नसलेल्या घरात आजही कुपी ओल्या मडक्यात ठेवली जाते, आणि पट्ट्या महाग म्हणून साखर अंदाजाने धरली जाते. पैसा आधी तिथे गेला पाहिजे. पण नियम करायला तेवढा पैसा लागत नाही, आणि ते चाचण्या दारात येण्याआधी झाले पाहिजेत. परदेशी कंपन्यांना पेशंट भारतातच सगळ्यांत जास्त मिळणार आहेत, आणि इन्सुलिन परवडत नाही तोच बाप ‘कायमचा उपाय’ म्हटल्यावर कागदावर सगळ्यांत आधी सही करणार आहे.

म्हणून सरकारकडे आणि आयसीएमआरकडे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे) माझ्या मागण्या नेमक्या आहेत. मधुमेहासाठी परप्रजातीच्या बेटांची जी चाचणी पेशंटवर किरण सोडून किंवा कायमची दाबणारी औषधं देऊन चालते, तिला १८ वर्षांखालच्या मुलांवर परवानगी नको. प्रौढांमध्येही ती साखर उतरल्याची जाणीव गेलेल्यांपुरतीच, किंवा ज्यांना मूत्रपिंड रोपणासाठी औषधं आधीच चालू आहेत त्यांच्यापुरतीच असावी. ज्या पद्धतीत किरण, आवरण किंवा जनुकबदल फक्त रोपावर होतो, तिला प्राधान्याने आणि सरकारी निधीतून वाट द्यावी, पुण्या-मुंबईतल्या संस्था त्यात जोडून घ्याव्यात. जन्मभराच्या तपासणीचा खर्च चाचणी घेणाऱ्याने आधीच ठेव म्हणून भरावा, कंपनी बुडाली तरी तो उरेल अशा खात्यात. आणि संमतीचा कागद मराठीत, पेशंटच्या घरी नेऊन वाचता येईल असा, सहीआधी किमान काही आठवडे हातात असावा.